घरी कॉफी भाजायची तर कशात? कढई, पॉपकॉर्न मशीन, हीट गन की सरळ रोस्टर

परवा माझ्या मावसबहिणीचा ठाण्याहून फोन आला, ताई मला घरी कॉफी भाजायची आहे, पॉपकॉर्न मशीन घेऊ का हीट गन घेऊ का सरळ रोस्टरच, म्हणजे कॉफी भाजायचं खास मशीनच घेऊन टाकू, आणि मी तिला उलट विचारलं की तुमच्याकडे कॉफी कोण कोण पितं, किती पितं आणि कशी पितं. तिला वाटलं मी विषय बदलतेय. पण खरंच सगळा निर्णय याच उत्तरावर आहे, मशीनचा नंबर त्यानंतर. मी पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भाजते, गॅलरी आहे पण मोठी नाही, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतः करून बघितल्यात, काही मैत्रिणीकडे जाऊन बघितल्यात, तर तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते.

आधी हिशोब करा. ती आणि नवरा, दोघं दिवसाला दोन-दोन कप, एका कपाला १५ ग्रॅम धरलं तर रोजचे ६० ग्रॅम, आठवड्याचे ४२०. भाजताना वजन कमी होतं, मध्यम भाजलीत तर साधारण १५ टक्के, गडद केलीत तर १८-२० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे ४२० ग्रॅम हातात यायला कच्ची ५०० ग्रॅम भाजावी लागते. आता पॉपकॉर्न मशीनमध्ये एका वेळी ८० ग्रॅम मावते, म्हणजे सहा घाणे झाले, प्रत्येक घाण्यानंतर मशीन थंड व्हायला थांबायचं, रविवारची सकाळ गेली. तेच एकटा माणूस दिवसाला एक कप पीत असेल तर आठवड्याला १०५ ग्रॅम लागते, पॉपकॉर्न मशीनचे दोन घाणे आणि काम संपलं. एकच वस्तू एकाला सोन्यासारखी वाटते आणि दुसरा महिन्याभरात माळ्यावर टाकतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि पैसे वाचवायला हे करणार असाल तर मी आधीच सांगते, तेवढ्यासाठी नका करू. कच्ची कॉफी भाजलेलीपेक्षा स्वस्त मिळते हे खरं, पण वजनाची घट, गॅस किंवा लाईट, पहिले दोन-चार वाया गेलेले घाणे हे सगळं धरा, आणि आता ऑर्डर आल्यावर भाजून पाठवणारे चांगले लोक आपल्याकडे भरपूर झालेत. घरी भाजायची ती यासाठी की कॉफी तुमच्या जिभेला पाहिजे तिथे थांबवता येते, आणि कच्ची कॉफी कोरड्या जागी सहा महिने ते वर्षभर सहज टिकते, म्हणजे लागेल तशी ताजी भाजून घ्यायची.

भाजताना नेमकं काय होतं ते थोडक्यात, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच आहे. कच्च्या बीमध्ये १०-१२ टक्के पाणी असतं. आधी ते उडतं, तेव्हा ओल्या पेंढ्यासारखा वास येतो, मग बी पिवळी पडते आणि वास बदलून गहू भाजल्यासारखा, बेकरीतल्यासारखा होतो, मग तांबूस-तपकिरी, आणि बीचं तापमान २०० अंशांच्या आसपास पोचलं की पहिला क्रॅक येतो. आत कोंडलेली वाफ आणि वायू बी फोडून बाहेर पडतात, आवाज अगदी ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा. इथून पुढे कॉफी पिण्यालायक झाली. २२५-२३० च्या आसपास दुसरा क्रॅक, तो बारीक, तेलात मोहरी तडतडावी तसा, आणि त्यानंतर बीवर तेल सुटायला लागतं आणि धूर भराभर वाढतो. सगळी मजा या दोन आवाजांच्या मधल्या दोन-चार मिनिटांत आहे. म्हणून मी कुठलंही भांडं किंवा मशीन बघताना पहिला प्रश्न हाच विचारते, की यात मला क्रॅक ऐकू येतो का आणि बी दिसते का.

कढईपासून सुरू करू, कारण ती घरात आहेच. लोखंडी किंवा बिडाची, जाड बुडाची, गोल तळाची. पातळ ॲल्युमिनियमची नको, तिच्यात मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. नॉनस्टिक तर अजिबात नको, ते कोटिंग एवढ्या तापमानाला रिकामं तापवायचं नसतं, त्यातून जी वाफ निघते ती वाईट, घरात पक्षी पाळलेला असेल तर त्याच्या जिवावर बेतते. कढईत एका वेळी १५० ग्रॅम, फार तर २०० घाला, कारण बिया तळाला साधारण एका थरात फिरल्या पाहिजेत. कढई आधी मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवायची, मग बिया टाकायच्या आणि त्या क्षणापासून शेवटपर्यंत हात थांबवायचा नाही. मी लाकडी उलथणं वापरते, गोल फिरवून मधूनच खालच्या वर करते, शेंगदाणे भाजताना जो हात चालतो तोच. पाच-सहा मिनिटांत पिवळा रंग, दहा ते बारा मिनिटांच्या आसपास क्रॅक, आणि मग कशी पाहिजे त्याप्रमाणे एक ते तीन मिनिटं.

कढईचा दोष एकच पण मोठा, बिया एकसारख्या भाजल्या जात नाहीत. बीची एक बाजू चपटी असते, ती तळाला टेकून बसते आणि तिथे काळे ठिपके पडतात. एका मुठीत तुम्हाला बदामी ते गडद तपकिरी अशा तीन-चार छटा दिसतील. दुधाची कॉफी पिणाऱ्याला याचा काही त्रास नाही, दुधात ते मिसळून जातं आणि उलट चव भरदार लागते. पण काळी कॉफी पिणाऱ्याला कळतं, करपट आणि आंबटकच्चं दोन्ही एकाच घोटात येतं. यावर माझा एक उपाय आहे तो म्हणजे पीबेरी घ्यायची. कॉफीच्या फळात नेहमी दोन बिया असतात, चपट्या बाजूनं एकमेकींना चिकटलेल्या, पण काही फळांत एकच बी वाढते आणि ती वाटाण्यासारखी गोल होते, ती वेगळी चाळून पीबी म्हणून विकतात. ती कढईत गडगडत राहते, एका जागी बसत नाही, त्यामुळे रंग कितीतरी एकसारखा येतो. कढईवाल्यांनी पहिली कॉफी पीबीच आणावी असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

दुसरी एक चूक, आच भीतभीत ठेवणं. करपेल म्हणून मंद गॅसवर पंचवीस-तीस मिनिटं घोळवत बसलं की रंग येतो, क्रॅक नीट येतच नाही, आणि कॉफी प्यायला घेतली की पुठ्ठ्यासारखी, सपाट. ती भाजली जात नाही, नुसती सुकते. कढईत सगळं मिळून १२ ते १५ मिनिटांत आटपलं पाहिजे, १८ म्हणजे डोक्यावरून पाणी.

तरी पहिल्यांदा कढईतच भाजा असं मी सगळ्यांना सांगते, हातात पैसे असले तरी. कारण वास जवळून येतो. पेंढा, मग गहू, मग पाव, मग तो थोडा झोंबणारा आंबूस वास क्रॅकच्या जरा आधी येतो, आणि मग एकदम गोडसर. हे नाकानं एकदा टिपलं की पुढे कुठल्याही मशीनसमोर तुम्ही डोळे मिटून उभे राहू शकता. (इथिओपियात पाहुणा आला की आजही त्याच्यासमोर तव्यावर कॉफी भाजतात आणि धूर त्याच्या नाकाशी नेतात, मला ती पद्धत फार आवडते.)

आता पॉपकॉर्न मशीन, म्हणजे गरम हवेवर मका फोडणारं, तेलाचं नव्हे. हे साधारण १२०० वॉटचं असतं, दीड-दोन हजारात मिळून जातं. घेताना आत डोकावून बघा, गरम हवा बाजूच्या खाचांतून येऊन गोल फिरते का तळाच्या जाळीतून सरळ वर येते. बाजूच्या खाचांचंच घ्या. तळाला जाळी असलेल्यात कॉफीची फोलपटं खाली हीटरवर पडून पेट घ्यायची भीती असते. यात बिया हवेवर तरंगत फिरतात, त्यामुळे कढईत जे चार रंग दिसतात ते इथे दिसत नाहीत, एकसारखा रंग येतो, फोलपटं आपोआप उडून बाहेर पडतात, समोर मोठं पातेलं धरलं की झालं. पहिल्यांदा केलं तेव्हा तो रंग बघून मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या काकूंना वाटीत नेऊन दाखवला.

पण ते फार जोरात धावतं. चार-पाच मिनिटांत पहिला क्रॅक आणि लगेच त्याच्या मागे दुसरा, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. एवढ्या झटपट भाजलेली कॉफी बाहेरून छान दिसते आणि आत जरा कच्ची राहते, चव टोकदार, आंबट. फळांसारखा आंबटपणा आवडणाऱ्यांना हे चालतं, काहींना तर हेच हवं असतं, पण मराठी घरात दूध-साखर-जायफळाची कॉफी करणाऱ्यांना ही कॉफी पातळ वाटते. अजून एक उलटं वाटणारं आहे ते लक्षात ठेवा, बिया जास्त घातल्या तर वेळ जास्त लागेल असं आपण समजतो पण इथे हवा अडते आणि त्या लवकर भाजतात, तर कधी खालच्या करपतात. म्हणून पहिल्या दिवशी ७०-८० ग्रॅमच, आणि सुरुवातीला फिरत नसतील तर लाकडी दांड्यानं ढवळायच्या, वजन हलकं झालं की आपोआप फिरायला लागतात.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, याकडे कुणी लक्ष देत नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबानं कमी होते, २३० चं २१० झालं तर जवळजवळ १७ टक्के ताकद गेली. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे गीझर-एसी चालू असतात तेव्हा व्होल्टेज उतरतं, आणि सकाळी सहा मिनिटांत होणारा घाणा रात्री नऊ मिनिटं घेतो. मी आठवडाभर डोकं खाजवत होते की त्याच बिया, तेच मशीन, चव वेगळी का. आता मी सकाळी सातलाच भाजते. हे हीट गनलाही लागू आहे, कढईला नाही, गॅसला व्होल्टेजशी काय देणंघेणं.

आणि सलग भाजू नका. माझं पहिलं मशीन तिसऱ्या सलग घाण्याला बंद पडलं, आतला थर्मल फ्यूज उडाला. मका फोडायला दोन-तीन मिनिटं पुरतात, ते मशीन तेवढ्यासाठीच केलेलं असतं, आपण त्याच्याकडून दुप्पट-तिप्पट वेळ काम करून घेतो. दोन घाण्यांच्या मध्ये वीस मिनिटं तरी द्या. वॉरंटीची आशा ठेवू नका, कॉफी भाजण्यासाठी वापरलं म्हटलं की तो विषय तिथेच संपतो.

हीट गन म्हणजे रंग खरवडायला, प्लास्टिक वाकवायला वापरतात ती, हार्डवेअरच्या दुकानात १८००-२००० वॉटची हजार-दीड हजारात मिळते. हेअर ड्रायर नव्हे, त्यानं काही होत नाही. खाली खोलगट स्टीलचं भांडं, त्यात २००-२५० ग्रॅम बिया, एका हातात गन, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा लाकडी चमचा. गन सुरुवातीला बियांपासून वीतभर लांब, पिवळ्या झाल्या की थोडी जवळ, क्रॅक सुरू झाला की परत मागे. बस, एवढंच त्याचं तंत्र. आच वाढवायची तर हात पुढे, कमी करायची तर हात मागे, आणि परिणाम लगेच दिसतो. कढई तापलेली असते ती गॅस बंद केला तरी दोन मिनिटं भाजत राहते, पॉपकॉर्न मशीनला तर बटणच एक, पण गनमध्ये तुम्ही प्रत्येक क्षणाला मालक असता.

मी सध्या ७० टक्के वेळा हेच वापरते. १० ते १३ मिनिटांत पाव किलो होते, क्रॅक स्वच्छ ऐकू येतो, रंग कढईपेक्षा कितीतरी चांगला आणि पॉपकॉर्न मशीनपेक्षा किंचित कमी एकसारखा. चवीला मात्र मला हीच सगळ्यात पूर्ण लागते. अडचणी आहेत. हात भरून येतो, ज्यांचा खांदा किंवा मनगट दुखतं त्यांनी या भानगडीत पडू नये. फोलपटं चारी दिशांना उडतात, घरात करायचंच नाही, गॅलरीत किंवा गच्चीत, आणि शेजारच्या दोरीवर कपडे वाळत नाहीत ना ते बघून. वारा असेल तर उष्णता उडून जाते. गन बंद केली तरी नळी बराच वेळ लालबुंद गरम असते, तिची ठेवायची जागा आधीच ठरवा, मी शहाबादी फरशीच्या तुकड्यावर उभी ठेवते. घरात लहान मूल असेल तर ही पद्धत मी सुचवणार नाही, सरळ सांगते.

ओटीजीबद्दल फार लिहीत नाही. ट्रेमध्ये पसरून २४० वर ठेवली की कडेच्या करपतात, मधल्या कच्च्या, दार उघडून हलवायला गेलं की उष्णता जाते आणि सगळा धूर स्वयंपाकघरात. ज्यात फिरता दांडा आहे आणि त्याला जाळीचा ड्रम लावता येतो त्यात बरी होते, पण आवाज ऐकू येत नाही. मायक्रोवेव्ह तर विसरूनच जा.

एक जुना प्रकार मात्र सांगण्यासारखा आहे, हाताने फिरवायचा ड्रम. दक्षिणेत जुन्या घरांतून कोळशाच्या शेगडीवर फिरवायचा लोखंडी नळकांड्यासारखा डबा असायचा, आजी बसून फिरवायची. आता गॅसवर ठेवायचे तसे ड्रम आणि हँडल फिरवून आत ढवळणारी पातेली मिळतात. कढईपेक्षा एकसारखं भाजतं, ३००-४०० ग्रॅम होते, धूर आत थोडा कोंडतो त्यामुळे चवीला एक धुरकट जाडपणा येतो जो फिल्टर कॉफीला छान जमतो. फक्त बी दिसत नाही, कानावर आणि नाकावर भरवसा लागतो, म्हणूनच म्हटलं की आधी कढई.

आता खऱ्या मशीन्स. कोरियाचं जीन कॅफे घ्या, काचेचा ड्रम तिरका फिरतो, २५०-३०० ग्रॅम मावते, बी पूर्णवेळ दिसते, तापमान आकड्यात लावता येतं. फोलपटं वेगळ्या डब्यात जमा होतात. त्याचं थंड करणं मात्र हळू आहे, बरेच लोक बिया मध्येच काढून बाहेर चाळणीत थंड करतात. अमेरिकेतली फ्रेश रोस्ट आहे, ती हवेवर चालते, म्हणजे पॉपकॉर्न मशीनचीच शहाणी थोरली बहीण, पंखा आणि उष्णता वेगवेगळी कमी-जास्त करता येते, पॉपकॉर्न मशीनची सगळ्यात मोठी तक्रार तिथे मिटते. पण ती १२० व्होल्टची. अमेरिकेतून भाऊ येतोय, आणायला सांगू का असं मला दोघातिघांनी विचारलं, तर तिला इथे चालवायला दीड-दोन हजार वॉटचा जड ट्रान्सफॉर्मर लागेल, तो घेऊन ठेवा नाहीतर पहिल्या दिवशीच जळेल. आणि त्याहून वर म्हणजे आयलिओची बुलेट, इंडक्शनवर तापते, किलोपर्यंत भाजते, ती घरापेक्षा छोटा धंदा करणाऱ्यांची वस्तू. या सगळ्यांवर परदेशातून आणायचा खर्च आणि कस्टम ड्युटी लागते, शिवाय काही बिघडलं तर सुटा भाग यायला महिने जाऊ शकतात. माझ्या मैत्रिणीकडे जीन कॅफे आहे, मी तिच्याकडे बसून चार-पाच घाणे केलेत, आणि मी मनापासून सांगते की तिची कॉफी माझ्या हीट गनच्या कॉफीपेक्षा दहापट चांगली नव्हती. पण तिची दर वेळी सारखी होती. मागच्या रविवारी जी आवडली तीच या रविवारी परत मिळते. मशीनचे पैसे या गोष्टीचे आहेत, चवीचे नाहीत.

धुराचं सगळ्यांना विचारायचं असतं म्हणून ते वेगळं लिहिते. पहिल्या क्रॅकपर्यंत धूर फारसा नसतो, फोडणीएवढा धरा. मध्यम भाजून थांबणाऱ्याला चिमणी किंवा एक्झॉस्ट पुरतो, चिमणीचा पाईप बाहेर गेलेला असला पाहिजे, नुसतं गाळून परत घरात सोडणारी नको. दुसऱ्या क्रॅकच्या पुढे गेलात तर कुठलंही साधन असो, निळा दाट धूर होणारच, आणि तो पडद्यांत दोन दिवस राहतो. म्हणजे गडद कॉफी आवडत असेल आणि गॅलरी नसेल तर घरी भाजण्याचा विचार मी तरी पुढे ढकलेन. कढईत बिया पेटल्याच तर गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही. मशीन असेल तर आधी प्लग काढायचा. आणि भाजत असताना दारावरची बेल वाजली तरी जायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

थंड करण्यात मात्र सगळी साधनं जवळजवळ सारखीच, आणि लोक इथेच हलगर्जी करतात. बी स्वतःच्या उष्णतेवर भाजत राहते, तीन-चार मिनिटांत हाताला कोमट लागली पाहिजे. मी टेबल फॅन उताणा करून त्यावर मोठी स्टीलची चाळण धरते आणि हलवते. कढईवाल्यांना फोलपटं काढायची असतात, त्यासाठी आजीचं सूप काढा, गॅलरीत पाखडलं की दोन मिनिटांत साफ. त्याच वेळी ताटात पसरून बघा, सगळ्या भाजल्या तरी काही बिया फिकट पिवळसर राहिलेल्या दिसतील, त्या कच्च्या फळातल्या, कितीही भाजल्या तरी रंग धरत नाहीत आणि चवीला जुन्या शेंगदाण्यासारख्या लागतात. वेचून टाका.

कच्ची कॉफी कुठली घ्यायची यावरही साधनाचा परिणाम होतो. देशातली ७० टक्क्यांच्या आसपास कॉफी कर्नाटकातली, चिकमगळूर, कोडगू, हासन, बाकी केरळ, तमिळनाडू आणि आंध्रातलं अराकू. (आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते.) पाकिटावरचे शब्द समजून घ्या, अरेबिका आणि रोबस्टा हे कॉफीचे दोन मुख्य प्रकार, त्यात प्लांटेशन म्हणजे धुतलेली (फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली) अरेबिका, चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली, पार्चमेंट म्हणजे धुतलेली रोबस्टा. ए, एबी, पीबी हे दाण्याचा आकार सांगतात. पहिल्यांदा प्लांटेशन ए किंवा पीबी घ्या, धुतलेली असल्यानं दाणा स्वच्छ आणि भाजायला समजूतदार असतो, एस-७९५ जातीची मिळाली तर दुधातही आणि काळीही चांगली. मॉन्सून्ड मलबार पहिल्यांदा नको. पावसाळ्यात मंगळूरच्या बाजूला समुद्राच्या दमट वाऱ्यावर फुगवलेली असते, रंग आधीच फिकट पिवळा, त्यामुळे रंग बघून भाजणारा फसतो, क्रॅकही दबका आणि फोलपटं खूप. हात बसल्यावर घ्या, तेव्हा तिची ती कमी आंबट, मऊ चव कळेल. रोबस्टाचा क्रॅकही थोडा दबका असतो. आणि वजन कमी करायची म्हणून जी ग्रीन कॉफी विकतात ती घेऊ नका, त्यावर ना मळा लिहिलेला असतो ना ग्रेड.

आणल्यावर तांदूळ निवडतो तसं एकदा ताटात निवडायचं. खडे बघा, एक खडा ग्राइंडरचं पातं घालवतो. काळ्या, फुटक्या, आणि टाचणीएवढं भोक पडलेल्या पोखरलेल्या बिया काढा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्याच्या कपाटापासून लांब, कच्ची बी ओल आणि वास दोन्ही पटकन ओढते. माझी अर्धा किलो एकदा गोडा मसाल्याच्या शेजारी राहिली आणि दगडफुलाचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

भाजली त्याच दिवशी पिऊन निकाल देऊ नका. बीतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, पहिल्या दिवशी कॉफी फसफसते आणि चव उथळ लागते. फिल्टरला दोन ते चार दिवस, एस्प्रेसोला आठवडा द्या. हे माहीत नसल्यामुळे लोक आपल्या कढईला नावं ठेवतात आणि मशीन मागवतात, चूक वेळेची असते. खरा निकाल चौथ्या दिवशी लावायचा, आणि दर घाण्याची तारीख, वजन, क्रॅकची वेळ, थांबवलेली वेळ डब्यावर चिकटपट्टी लावून लिहायची.

तर मावसबहिणीकडे परत येते. तिच्याकडे ती आणि नवरा काळी पितात, सासूबाई संध्याकाळी जायफळ घालून दुधाची, त्यांची आठवड्याची अजून पन्नासेक ग्रॅम धरा. गॅलरी आहे, मुलगा कॉलेजात. पॉपकॉर्न मशीनचे सहा-सात घाणे तिला झेपणार नाहीत. रोस्टरचे पैसे आहेत, पण अजून तिला स्वतःलाच माहीत नाही की तिला कॉफी कुठे थांबवलेली आवडते, तेव्हा मशीनला तरी ती काय सांगणार. मी म्हटलं, एक किलो प्लांटेशन पीबी मागव, पहिली अर्धा किलो कढईत, दीडशे ग्रॅमचे तीन घाणे, एक क्रॅक संपता संपता थांबव, दुसरा त्यानंतर एक मिनिटानं, तिसरा दुसऱ्या क्रॅकची पहिली टिकटिक ऐकू आली की. उरलेले पन्नास ग्रॅम कच्चेच ठेव, रंग ताडून बघायला. तिन्ही डबे चार दिवसांनी तिघांनी मिळून चाखा. उरलेल्या अर्ध्या किलोसाठी हीट गन घे, आणि दिवाळीपर्यंत दर रविवारी हात चालला आणि कंटाळा नाही आला तर मग आपण जीन कॅफेचं बोलू.

काल तिचा फोटो आला, तीन वाट्या ओळीनं मांडलेल्या, आणि खाली लिहिलं होतं की सासूबाईंनी न चाखताच वासावरून तिसरी उचलली.